अनोळखी कार्डाचा ड्रायव्हर लिहिण्यापूर्वी गडगा घाला

रत्नागिरीच्या बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात अमोनिया कॉम्प्रेसरचा दाब आणि टाक्यांचे तापमान नोंदवणारे एक जुने कार्ड डेस्कटॉपमध्ये बसवलेले होते. ते बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहणे कधीच सोडले होते, माहितीपुस्तिका कोणाकडेच नव्हती, आणि मशीनवर लिनक्स घालायचे ठरल्यावर ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आठवडाभरात आकडे दिसू लागले आणि सगळे खूश झाले. पंधरा दिवसांनी मालकांच्या मुलाचा फोन आला, की बर्फाच्या लाद्यांच्या हिशेबाची फाइल उघडत नाही. ती फाइल बाइट-बाइट करून पाहिली, तेव्हा मजकुराच्या मधोमध ४०९६ बाइटांचा एक तुकडा निघाला आणि त्यात ‘ईसी ०७, ईबी ०७, ईसी ०७, ईडी ०७’ अशा जोड्या एकामागून एक लागलेल्या होत्या. १२ बिटांचे नमुने दोन-दोन बाइटांत साठवले की वरचा बाइट कधी शून्य ते पंधराच्या बाहेर जात नाही, आणि इथे नेमके तसेच होते. इतकेच नव्हे, तर कॉम्प्रेसर सुरू होतानाचा दाबाचा चढसुद्धा त्या हिशेबात ओळखू येत होता.

घडले होते ते असे. मी ड्रायव्हर काढून पुन्हा चढवताना त्याचा बफर, म्हणजे नमुने उतरवून घेण्यासाठी घेतलेली मेमरी, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) परत केला होता, पण कार्डाला थांबवले नव्हते. कर्नलने तेच पान (४०९६ बाइटांचा मेमरीचा तुकडा) पुढे हिशेबाच्या फाइलसाठी वापरले, कार्ड आपले त्याच जुन्या पत्त्यावर दाब लिहीत राहिले, आणि कर्नलने ते पान प्रामाणिकपणे डिस्कवर उतरवले. कुठेही त्रुटीचा संदेश आला नाही, कारण कोणाच्याच दृष्टीने काही चुकलेले नव्हते.

आपल्याकडे जमीन घेतली की आधी चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घालतात, घर मागाहून बांधतात. अनोळखी हार्डवेअरच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा, असे माझे ठाम मत झाले आहे: कार्डाला काय करता येते हे शोधण्याआधी त्याला कुठवर जाता येईल हे ठरवावे. पुढील सूचना लिनक्सच्या संदर्भात आहेत. फंक्शनांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली असून मूळ नावात शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर असतो.

लिहितो कोण, हे आधी ओळखा

ड्रायव्हरने मेमरी करप्ट केली असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन निराळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात आपल्या कोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर भलत्या पत्त्यावर लिहितो. ॲरेची हद्द ओलांडली जाते, किंवा मुक्त केलेला पॉइंटर पुन्हा वापरला जातो. दुसऱ्या प्रकारात प्रोसेसरचा संबंधच नसतो. कार्ड डीएमएच्या, म्हणजे थेट मेमरीत जाण्याच्या, वाटेने स्वतःच मेमरीत लिहिते, आणि प्रोसेसरच्या लिहिण्यावर पहारा ठेवणारी पेज टेबले त्याला लागू होत नाहीत.

हा फरक पुस्तकी नाही. २०१५ साली ४.० आवृत्तीपासून लिनक्समध्ये आलेले ‘कासान’ हे साधन पहिल्या प्रकारासाठी अप्रतिम आहे; मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट नोंदीसाठी राखून ते प्रत्येक वाचन-लेखनापूर्वी तो पत्ता वैध आहे की नाही हे तपासते. पण ही तपासणी कंपायलरने आपल्या कोडमध्ये पेरलेली असते. कार्डाचे लिहिणे आपल्या कोडमधून जातच नाही, त्यामुळे कासानला ते दिसत नाही. कासान शांत आहे म्हणून ड्रायव्हर निर्दोष आहे, असे समजून मी चार रात्री फुकट घालवल्या आहेत. नुकसान उमटते तेही भलतीकडे आणि उशिरा. खारबंधिस्तीला खाडीच्या बाजूने खांड पडते आणि भात पिवळे पडते ते पार आतल्या खाचरात, तशातलाच हा प्रकार असतो.

ड्रायव्हरची पहिली ओळ लिहिण्याआधी

प्रयोगाचे मशीन वेगळे असावे आणि त्याच्या डिस्कवर जपण्यासारखे काहीही नसावे. करप्ट झालेली मेमरी डिस्कवर उतरते, हे वर सांगितलेच आहे. कर्नलचे संदेश सिरियल पोर्टवरून किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर घ्यावेत, कारण मरणाऱ्या कर्नलचे शेवटचे शब्द त्याच्याच डिस्कवर पोचतील याचा भरवसा नसतो. मशीनला यूपीएस असावा. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात फाइल सिस्टीम विजेने बिघडली की कार्डाने, हा वाद घालण्यात दिवस जातात.

त्यानंतर आयओएमएमयू चालू करावे. इंटेलच्या मशीनवर ते व्हीटी-डी, एएमडीवर एएमडी-व्हीआय आणि आर्मवर एसएमएमयू या नावाने असते, आणि पुष्कळदा बायोसमध्ये बंद करून ठेवलेले असते. कार्डाने मागितलेला प्रत्येक पत्ता आयओएमएमयू आपल्या तक्त्यात पाहते आणि तो पत्ता त्या कार्डाला दिलेला नसेल तर लिहिणे अडवून लॉगमध्ये नोंद करते. पण नुसते चालू असणे पुरेसे नाही. कर्नल ‘पासथ्रू’ पद्धतीने सुरू झाला असेल, तर आयओएमएमयू चालू दिसते आणि कर्नलच्या ड्रायव्हरांच्या बाबतीत अडवत मात्र काहीच नाही. दुसरी गोष्ट अशी, की वेगासाठी कर्नल जुन्या नोंदी लगेच न पुसता थोड्या वेळाने एकदम पुसतो; त्या मधल्या काळात परत केलेले पान कार्डाला उघडेच असते. म्हणून विकासाच्या मशीनवर बूट करताना ‘आयओएमएमयू.स्ट्रिक्ट=१’ हा पर्याय द्यावा. वेग कमी होतो, तो होऊ द्यावा.

आता कार्डाची ओळख करून घ्यावी. ‘एलएसपीसीआय’ला, म्हणजे बसवरची कार्डे दाखवणाऱ्या आज्ञेला, दोन व्ही आणि दोन एन देऊन चालवले की उत्पादक आणि उपकरण यांचे क्रमांक, रजिस्टरांच्या (कार्डावरच्या आज्ञा आणि स्थितीच्या कप्प्यांच्या) प्रदेशांचे आकार, इंटरप्टचा (कार्डाने प्रोसेसरला हाक मारण्याचा) प्रकार आणि कार्डाला स्वतः मेमरीत लिहू देणारा बस मास्टर बिट चालू आहे की बंद, एवढे समजते. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. ड्रायव्हर चढलेला नसतानाही तो बिट चालू दिसला, तर फर्मवेअरने किंवा आधीच्या कर्नलने कार्ड तसेच मोकळे सोडले आहे असे समजावे.

पहिले प्रयोग कर्नलमध्ये करूच नयेत. २०१२ साली लिनक्स ३.६ मध्ये आलेल्या व्हीएफआयओच्या साहाय्याने साध्या प्रोग्रॅममधून कार्डाची रजिस्टरे वाचता-लिहिता येतात, आणि कार्डाला त्या प्रोग्रॅमने दिलेल्या मेमरीपलीकडे हात पोचवता येत नाही. चूक झाली तर प्रोग्रॅम मरतो, कर्नल जिवंत राहतो. त्याआधीपासून असलेल्या यूआयओमध्ये हे संरक्षण नाही. दोन्हींची नावे सारखी वाटतात म्हणून गफलत करू नये. कार्डाचा जुना ड्रायव्हर दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी उपलब्ध असेल, तर ती सिस्टीम क्यूएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवून तिला व्हीएफआयओमार्फत कार्ड द्यावे आणि रजिस्टरांचे थेट मॅपिंग बंद ठेवावे, म्हणजे प्रत्येक वाचन-लेखन क्यूएमयूच्या हातून जाते आणि नोंदवता येते. मला ‘थांब’ या आज्ञेचे रजिस्टर असेच सापडले.

अंदाजाने रजिस्टरांत आकडे लिहून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. काही रजिस्टरे वाचली तरी रिकामी होतात, काहींच्या मागे कार्डाची कायमची मेमरी असते. २००८ साली लिनक्स २.६.२७ तयार होत असताना काही इंटेल इथरनेट चिपांमधली सेटिंग्जची मेमरी पुसली जाऊ लागली आणि संशय साहजिकच ई१०००ई या ड्रायव्हरवर गेला. प्रत्यक्षात दोष कर्नलच्या एफट्रेस या सुविधेचा होता. मॉड्यूल सुरू होतानाचा कोड मुक्त झाल्यावर त्याच पत्त्यावर चिपची रजिस्टरे मॅप झाली होती, आणि एफट्रेस तिथे अजून कोडच आहे असे समजून लिहीत होते. मेमरीतली चूक कार्डावर पोचू शकते आणि तिथे ती रीबूटने जात नाही, हे त्या प्रकरणाने दाखवले.

चढवण्याचा क्रम

ड्रायव्हर कार्डाशी जोडला जाताना चालणाऱ्या प्रोब फंक्शनमध्ये क्रम चुकला की पुढची सगळी काळजी वाया जाते. उपकरण सक्षम करावे, रजिस्टरे मॅप करावीत, कार्ड रीसेट करावे, रीसेट पूर्ण झाल्याची खात्री करावी, मगच बफर घेऊन त्यांचे पत्ते कार्डाला द्यावेत, आणि बस मास्टर बिट लावणारे ‘पीसीआय सेट मास्टर’ त्यानंतर बोलवावे. जुन्या ड्रायव्हरांत हे शेवटचे फंक्शन सवयीने पहिल्या चार ओळींत असते आणि नव्या ड्रायव्हरांत ते तसेच नकलून येते. कार्डाच्या रजिस्टरांत आधीच्या वेळचा पत्ता उरलेला असेल, तर त्या क्षणी ते लिहायला मोकळे होते. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी: एमएसआय इंटरप्ट हेसुद्धा कार्डाने केलेले लिहिणेच असते, त्यामुळे बस मास्टर बंद असताना ते येत नाहीत, आणि रीसेटची वाट इंटरप्टवर न पाहता रजिस्टर पुन्हा पुन्हा वाचून पाहावी लागते.

बफर आणि त्याचा गडगा

कार्डाला किती बिटांचा पत्ता समजतो हे ‘डीएमए सेट मास्क अँड कोहेरन्ट’ने कर्नलला सांगावे आणि त्याचे उत्तर तपासावे. लिनक्स आपण होऊन ३२ बिट धरते. कार्डाला ३२ बिटच समजत असताना ६४ सांगितले, तर वरचे बिट मुकाट्याने गळतात आणि ४ जीबीच्या वरच्या बफरसाठी आलेला मजकूर खालच्या कोणाच्या तरी घरात जाऊन पडतो. ४ जीबीहून कमी मेमरीच्या मशीनवर ही चूक सहसा दिसत नाही, हे तिचे खरे वैशिष्ट्य आहे.

कार्डाला प्रत्यक्ष किंवा आभासी पत्ता कधीच हाताने देऊ नये. ‘डीएमए अलॉक कोहेरन्ट’ने किंवा ‘डीएमए मॅप सिंगल’ने मिळालेलाच द्यावा, आणि मॅप केल्यावर ‘डीएमए मॅपिंग एरर’ने तपासावे. स्टॅकवरचा, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला, ॲरे डीएमएसाठी वापरू नये. २०१६च्या ४.९ आवृत्तीपासून स्टॅक आभासी सलग मेमरीत ठेवता येतो, तेव्हा त्यावरून काढलेला पत्ता भलताच निघतो. त्याहून फसवी चूक म्हणजे स्ट्रक्चरच्या पोटात ठेवलेला छोटा बफर. ज्या प्रोसेसरांत डीएमए आणि कॅशे (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) यांचा आपोआप मेळ बसत नाही, आणि आर्मच्या पुष्कळ छोट्या बोर्डांवर हीच स्थिती असते, तिथे बफर आणि शेजारचा काउंटर एकाच कॅशे ओळीत बसले, की कार्डाचा मजकूर वाचण्यासाठी ती ओळ टाकून देताना काउंटरचे ताजे मूल्यही त्याबरोबर जाते. हद्द कोणीच ओलांडलेली नसते आणि तरी मेमरी करप्ट होते. उपाय साधा आहे: डीएमएचा प्रत्येक बफर ‘केमॅलॉक’ या मेमरी देणाऱ्या फंक्शनने स्वतंत्र घ्यावा, शेजारी ठेवूच नये.

आता गडगा. माहितीपुस्तिका नसलेल्या कार्डाबाबत सर्वांत मोठी अडचण ही असते, की लांबीच्या रजिस्टरात लिहिलेल्या आकड्याचा अर्थ काय हे आपल्याला ठाऊक नसते. तो बाइटांत आहे, की दोन बाइटांच्या नमुन्यांत, की चार बाइटांच्या शब्दांत? शून्य म्हणजे काहीच नको, की जास्तीत जास्त? जुन्या पीसींमधल्या ८२३७ या डीएमए कंट्रोलरला हवी असलेल्या संख्येतून एक वजा करून द्यावी लागे, आणि तीच रीत अनेक चिपांनी उचलली आहे. हे ओळखण्यासाठी चाचणीच्या काळात एका पानाऐवजी सलग तीन पाने घ्यावीत. तिन्हींत ‘ए५’ हा बाइट भरावा, कार्डाला फक्त मधल्या पानाचा पत्ता द्यावा, ६४ हा आकडा लांबी म्हणून लिहावा आणि एकच हस्तांतरण करवून घ्यावे. मग ‘मेमसीएचआर इन्व्ह’ या फंक्शनने पहिले आणि तिसरे पान अजून ए५नेच भरलेले आहे का ते पाहावे, आणि मधल्या पानात किती बाइट बदलले ते मोजावे.

माझ्या कार्डाने ६४ मागितल्यावर १३० बाइट बदलले. म्हणजे आकडा दोन बाइटांच्या नमुन्यांत होता आणि त्यात एक मिळवायचा होता. ६४ लिहिले की ६५ नमुने. बाइट समजून बफर घेतला असता, तर दर वेळी ६६ बाइट शेजाऱ्याच्या अंगणात गेले असते. हाच प्रयोग ०, १, ६३, ६५ आणि जास्तीत जास्त आकड्याने करावा. शून्यासाठी आधी व्हीएफआयओमध्येच करावा, कारण शून्याचा अर्थ ६५,५३६ निघाल्याची उदाहरणे आहेत. ए५ऐवजी दुसऱ्या फेरीत ५ए भरावे, नाहीतर कार्डाने योगायोगाने लिहिलेला ए५ बदल म्हणून मोजला जात नाही.

आयओएमएमयू असताना वेगळा गडगा कशाला, असे कोणी विचारेल. आयओएमएमयूची हद्द पानाची असते, म्हणजे सहसा ४०९६ बाइटांची. पानाच्या आत ६४ बाइटांचा बफर असेल, तर उरलेले ४०३२ बाइट कार्डाला तितकेच उघडे असतात, आणि ‘केमॅलॉक’ने त्याच पानात दुसऱ्या कोणाचे काहीही ठेवलेले असू शकते. म्हणून अनोळखी कार्डाला पूर्ण पानेच द्यावीत. चार-दोन पाने वाया गेली तर जाऊ द्यावीत.

कार्डाने सांगितलेली लांबी

डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक हस्तांतरणाची माहिती ठेवणाऱ्या मेमरीतल्या नोंदीत, कार्ड लिहिते, की मी इतके बाइट भरले आहेत. हा आकडा वापरकर्त्याने दिलेल्या आकड्याइतकाच संशयाने घ्यावा. तो बफरच्या आकारापेक्षा मोठा नाही ना, हे पाहिल्याशिवाय त्याने काहीही कॉपी करू नये. इंडेक्स असेल तर तो रिंगच्या (डिस्क्रिप्टरांच्या चक्राकार रांगेच्या) आत आहे का, हे पाहावे. शिवाय डिस्क्रिप्टर ज्या मेमरीत आहे तिथे कार्ड अजूनही लिहू शकते, त्यामुळे तपासताना एकदा आणि कॉपी करताना पुन्हा वाचले, तर दोन वेळा दोन आकडे मिळू शकतात. ‘रीड वन्स’ने तो एकदाच स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यावा आणि पुढे फक्त तोच वापरावा. डिस्क्रिप्टर आता तुमचा आहे असे सांगणारा बिट वाचल्यावर बाकीचे रकाने वाचण्याआधी ‘डीएमए आरएमबी’ हा अडसर घालावा, आणि कार्डाला डिस्क्रिप्टर देताना तो बिट लावण्यापूर्वी ‘डीएमए डब्ल्यूएमबी’ घालावा. एक्स८६वर हे विसरले तरी बहुधा चालून जाते. आर्मवर जात नाही.

आमच्याकडच्या खाऱ्या हवेने शिकवलेली एक गोष्ट इथे सांगणे भाग आहे. समुद्राजवळच्या मशीनमध्ये कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि खाचेतल्या पिनांवर वर्षा-दोन वर्षांत थर चढतो, संपर्क सुटतो आणि चालू मशीनमध्ये कार्ड बसवरून नाहीसे होते. नाहीशा झालेल्या कार्डाचे ३२ बिटांचे रजिस्टर वाचले की सगळे बिट १ मिळतात, म्हणजे आठ वेळा एफ. ड्रायव्हरने तीच स्थिती म्हणून वाचली, तर काम झाले, चूक झाली, मजकूर आला, सगळेच बिट लागलेले दिसतात; आणि लांबी म्हणून वाचली, तर ४ जीबीच्या जवळपास कॉपी करायची ठरते. म्हणून इंटरप्ट हाताळताना पहिली तपासणी हीच असावी, की रजिस्टर पूर्ण एफ आहे का. असल्यास कार्ड गेले असे धरून बाहेर पडावे. पूर्ण एफ हे त्या रजिस्टराचे खरे मूल्य असूच शकत नाही, असे रजिस्टर यासाठी निवडावे.

बाकीचे थोडक्यात. कार्डाच्या स्ट्रक्चरमधले रकाने एन्डियन (बाइटांचा क्रम) सांगणाऱ्या प्रकारांनी लिहावेत आणि ‘स्पार्स’ या कोड तपासणाऱ्या साधनाने तपासून घ्यावेत. त्या स्ट्रक्चरचा आकार ‘स्टॅटिक असर्ट’ने पक्का करावा. नमुन्यांची संख्या गुणिले आकार असा गुणाकार कोडमध्ये हाताने करू नये, ‘केमॅलॉक ॲरे’ किंवा ‘स्ट्रक्ट साइझ’ वापरावे, म्हणजे उतू जाणारा गुणाकार छोटा बफर घेऊन बसत नाही.

बंद करताना

माझी चूक इथेच होती, आणि दुसऱ्यांचे ड्रायव्हर वाचताना मी आता आधी ड्रायव्हर उतरवताना चालणारे रिमूव्ह फंक्शन उघडतो. नियम एवढाच आहे, की कार्डाला पत्ता माहीत असलेली मेमरी, कार्ड थांबल्याचा पुरावा मिळेपर्यंत परत करू नये. ‘थांब’ असे रजिस्टरात लिहिणे हा पुरावा नव्हे. रजिस्टरात लिहिणारे ‘राइटएल’ परत आले याचा अर्थ आज्ञा निघाली एवढाच होतो. वाटेतल्या पुलांवर ती थांबलेली असू शकते. त्याच कार्डाचे एखादे रजिस्टर लगेच वाचावे, म्हणजे आज्ञा पोचल्याशिवाय वाचनाचे उत्तर येत नाही. आणि कार्ड शिथिल क्रमाची सवलत वापरत नसेल, तर ते उत्तर येण्याआधी कार्डाने धाडलेली लिहिणीही मेमरीत पोचलेली असतात.

पोचली म्हणजे पाळली, असेही नाही. माझे कार्ड चालू असलेला ठोकळा पूर्ण करूनच थांबत असे, आणि सर्वांत मंद वेगाला त्याला सेकंदाहून जास्त वेळ लागे. म्हणून स्थितीचे रजिस्टर ‘निवांत’ दाखवेपर्यंत मुदत घालून वाट पाहावी. मग ‘पीसीआय क्लिअर मास्टर’ करावे. त्यानंतर इंटरप्ट सोडावा, कारण इंटरप्टच नवीन काम रांगेत लावत असतो. इंटरप्ट गेल्यावर ‘कॅन्सल वर्क सिंक’ने रांगेतली कामे आणि ‘टायमर डिलीट सिंक’ने टायमर संपवावेत, आणि सर्वांत शेवटी मॅपिंग काढून मेमरी परत करावी. डेव्हएम या आपोआप आवरणाऱ्या फंक्शनांवर विसंबताना हा क्रम विशेष पाहावा. ती घेतल्याच्या उलट क्रमाने सोडतात, पण रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर. त्यामुळे इंटरप्ट डेव्हएमने घेतलेला असेल आणि रिमूव्हमध्ये एखादी वस्तू हाताने मुक्त केली असेल, तर मधल्या फटीत येणारा इंटरप्ट, विशेषतः सामायिक इंटरप्ट, त्या मुक्त वस्तूलाच हात घालतो. कोणी उपकरणाची फाइल उघडी ठेवून बसले असेल, तर तिच्या मागचे स्ट्रक्चर ‘केरेफ’च्या मोजणीने शेवटची फाइल बंद होईपर्यंत टिकवावे.

मुदत संपली आणि कार्ड थांबलेच नाही, तर काय करावे? तेव्हा मेमरी परत करू नये. बस मास्टरचा बिटसुद्धा शेवटी कार्डानेच पाळायचा असतो, आणि जे कार्ड ‘थांब’ ऐकत नाही ते हा बिट ऐकेल यावर हिशेबाची फाइल पणाला लावण्यात अर्थ नाही. ती पाने मुद्दाम गळू द्यावीत, कोडमध्ये तसे स्पष्ट लिहावे आणि लॉगमध्ये एक ओळ टाकावी. गळती रीबूटने भरून येते.

हाच सगळा क्रम प्रोबच्या अपयशाच्या वाटेवर, मशीन झोपवताना आणि शटडाउन फंक्शनमध्येही लागतो. शटडाउनकडे हमखास दुर्लक्ष होते, पण केएक्झेकने एका कर्नलमधून दुसऱ्यात उडी मारली की मशीन खऱ्या अर्थाने बंद होतच नाही, आणि चालू राहिलेले कार्ड नव्या कर्नलच्या मेमरीत लिहू लागते.

चाचणीची साधने

विकासाच्या कर्नलमध्ये कासान आणि डीएमए एपीआय डीबग दोन्ही चालू असावेत. दुसरे साधन मॅप केलेले परत न करणे, दिशा किंवा आकार चुकीचा सांगणे, मॅपिंगची चूक न तपासणे हे पकडते. डीएमएसाठी खरा उपयोग होतो तो स्लब या कर्नलच्या मेमरी वाटणाऱ्या भागाच्या विषप्रयोगाचा. मुक्त केलेली वस्तू कर्नल ‘६बी’ या बाइटाने भरून ठेवतो आणि पुन्हा देताना ते शाबूत आहे का पाहतो. मधल्या काळात कार्डाने तिथे लिहिले असेल, तर ‘पॉयझन ओव्हररिटन’ असा संदेश येतो आणि बदललेले बाइटही दिसतात. कासानला न दिसणारे लिहिणे असे मागाहून का होईना, हाती लागते. पूर्ण पानांसाठी ‘एए’ने भरणारी पेज पॉयझनिंगची सुविधा आहे. याउलट एखाद्या पॉइंटरमध्येच ६बी ६बी ६बी ६बी दिसले, तर आपल्याच कोडने मुक्त वस्तू वाचली आहे.

आयओएमएमयूने अडवल्याचा संदेश इंटेलच्या मशीनवर ‘डीएमएआर’ने सुरू होतो, त्यात कार्डाचा बसवरचा क्रमांक, अडवलेला पत्ता, आणि वाचन होते की लेखन, हे असते. तो पत्ता आपल्या बफरच्या शेवटच्या पत्त्याला लागून असेल, तर लांबीची चूक आहे. नुकत्याच परत केलेल्या बफरचा असेल, तर थांबवण्याची. यासाठी प्रत्येक मॅपिंगचा पत्ता चाचणीच्या काळात लॉग करत राहावा.

ड्रायव्हर चढवणे-उतरवणे एकदा जमले म्हणून थांबू नये. मागे मोठ्या फाइलींची कॉपी चालू ठेवून, म्हणजे परत केलेली पाने लगेच दुसऱ्याला जातील अशी सोय करून, नमुने चालू असतानाच तो रात्रभर उतरवत-चढवत राहावा आणि सकाळी कॉपींचे चेकसम जुळवावेत. ‘फेलस्लॅब’ने मेमरी मुद्दाम नाकारून प्रोबच्या अपयशाच्या वाटा चालवाव्यात, कारण त्या वाटांवर एरवी कोणी फिरकत नाही.

रस्ट या भाषेत लिहिले तर हे सगळे टळेल का, असे मला कॉलेजातली मुले हमखास विचारतात. डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीपासून कर्नलमध्ये रस्टचा शिरकाव झाला आहे, आणि मुक्त पॉइंटर वापरणे, हद्द ओलांडणे अशा पहिल्या प्रकारच्या बऱ्याच चुका तिथे कंपायलर किंवा चालत्या वेळची तपासणी पकडते. कार्डाला चुकीची लांबी दिली, तर कार्ड ती कोणत्या भाषेतून आली हे पाहत नाही.

बर्फ कारखान्यातल्या मशीनमध्ये गडग्याची दोन पाने मी आजही ठेवली आहेत आणि दर मिनिटाला ती तपासली जातात. ती अजून एकदाही बिघडलेली नाहीत. पूर्ण एफची ओळ मात्र गेल्या जुलैत दोनदा लॉगमध्ये आली. दोन्ही वेळा ड्रायव्हर नमुने घेणे थांबवून गप्प बसला, हिशेब शाबूत राहिला, आणि मालकांच्या मुलाने मशीन बंद करून कार्डाच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ते पुन्हा खाचेत बसवले.